ग्रानबद्दल कोणाचीही तक्रार नाही

मंगळवार, १ एप्रिल

"ग्रान इन्स्टॉल करायला अर्धा मेंदू पुरतो." — तोर्लाइव्ह, जेवणाच्या टेबलावर, ब्रेडवर लिव्हर पेस्ट पसरत, माझ्याकडे न बघता.

म्हणजे माझ्याकडे अर्धाही नाही! रविवारी घरी बसून करून पाहिलं होतं. नाही झालं. मी फक्त एवढंच म्हणाले की या सॉफ्टवेअरच्या पानावरच्या सूचना कळत नाहीत. अरे, त्या सुधारायलाच तर मला ठेवलंय! गावचं वर्तमानपत्र बंद पडेपर्यंत तिथे लोकांच्या बातम्या सरळ केल्या, आता विद्यापीठातल्या या मेंदूवाल्यांची वाक्यं सरळ करते. वाकडेपणात फारसा फरक नाही.

"सूचनांत चूक असती तर कोणीतरी बोललं असतं," तोर्लाइव्ह म्हणाला. ग्रान त्यानेच लिहिलंय. "नऊ वर्षांत एक तक्रार नाही. एकही नाही, ओशिल्ड."

आमच्या प्रोग्रामर एस्किलने लगेच काडी टाकली. "मग लावा ना पैज!"

लागली. माझा लॅपटॉप, माझं घर, फक्त पानावर लिहिलंय तेवढंच करायचं, कोणाला विचारायचं नाही. ईस्टरच्या सुट्टीआधीच्या शुक्रवारपर्यंत. हरले तर अख्ख्या मजल्याला वॅफल करून घालायची. जिंकले तर तोर्लाइव्ह करणार — स्ट्रॉबेरीचा एप्रन घालून!

हा एप्रन म्हणजे इथली बेअब्रू. कॉफीच्या खोलीत एक काचेचं छोटंसं झाड आहे. एस्किलचं मशीन दर थोड्या वेळाने ग्रान पुन्हा पहिल्यापासून बांधून बघतं. सगळं नीट असलं की झाड हिरवं. कोणी काही बिघडवलं की लाल. ज्याने लाल केलं त्याने शुक्रवारी एप्रन घालून वॅफल करायची. सगळ्यांनी तो घातलाय. तोर्लाइव्हने कधीच नाही.

"हे एप्रिल फूल नाही ना?" मी विचारलं.

"मी एक एप्रिलला थट्टा करत नाही."

"आणि बाकीच्या दिवशी?" — एस्किल.

"बाकीच्या दिवशीही नाही."

बुधवार, २ एप्रिल

ग्रान काय करतं ते मला आता झोपेतही सांगता येतं. मेंदूतली एकेक पेशी म्हणजे एकेक झाड, फांद्यांना फांद्या. ग्रान तशी झाडं संगणकात उभी करतं, हवी तितकी, आणि मग त्या जंगलात वीज सोडून बघायचं — झोप कशी येते, फिट कुठून सुरू होते. म्हणून नावही झाडाचंच, आमच्या रानात उभं असतं आणि नाताळात घरात येतं त्या झाडाचं. गोष्ट सुंदर आहे. फक्त माझ्या स्वयंपाकघरात जंगल उगवत नाही.

सूचनांमधली दुसरी ओळ: "आवश्यक त्या गोष्टी नेहमीप्रमाणे आधी इन्स्टॉल करून घ्याव्यात."

नेहमीप्रमाणे! कोणाच्या नेहमीप्रमाणे? मी नेहमीप्रमाणे काय करते — सकाळी कॉफी, रेडिओ, गुडघ्याला मलम. ते सगळं केलं. काही झालं नाही.

गुरुवार, ३ एप्रिल

आवश्यक त्या गोष्टी शोधून शोधून घातल्या. एक घातली की ती म्हणते, माझी मैत्रीण कुठाय? मैत्रीण आणली की ती म्हणते, मी हिच्याशी बोलत नाही, हिची जुनी बहीण आणा. जुनी बहीण आणली. ती आली आणि लॅपटॉपचा आवाजच गेला. गाणी बंद. बातम्या बंद. त्याबद्दल मात्र तक्रार नाही.

शुक्रवार, ४ एप्रिल

आज वॅफल रूनाची. ती इथे पीएचडी करते, काल झाड तिने लाल केलं. एप्रन तिला शोभतो, हे तिला सांगितलेलं आवडत नाही.

कॉफीच्या खोलीत टेबलाखाली एक राखाडी पेटी आहे, जुना मेलेला संगणक. लोणी मऊ व्हायला तिच्यावर ठेवतात. मी चुकून फ्रीजमधलं लोणी तसंच घेतलं, तर रूना ओरडली, "पेटीवरचं घे गं, ते पसरतं!"

वॅफलवर तपकिरी चीज घालताना तोर्लाइव्हने घसा खाकरला. तेव्हाच कळलं की काहीतरी वाईट आहे. ईस्टरनंतरच्या गुरुवारी स्वीडनमधल्या उप्सालाहून गुनेल येणार. तिथल्या उन्हाळी शाळेत दरवर्षी सगळ्या नॉर्डिक देशांतली पोरं मेंदूचं मॉडेलिंग शिकायला जमतात. त्यांच्या हातात कोणतं सॉफ्टवेअर द्यायचं हे ती ठरवते. तिने ग्रान घेतलं तर आमची फॅकल्टी ते चालू ठेवणार. नाही घेतलं तर उन्हाळ्यात तोर्लाइव्ह निवृत्त होईल त्याच दिवशी ग्रानही कपाटात. एस्किलची नोकरीही त्याच कपाटात.

"घेईल गं," तोर्लाइव्ह म्हणाला. "नऊ वर्षांत एक तक्रार नाही, हे तिलाही दिसतंच की."

आमच्या वर्तमानपत्रालाही शेवटी शेवटी वाचकांची पत्रं येत नव्हती. संपादक म्हणायचा, लोक समाधानी आहेत.

शनिवार, ५ एप्रिल

प्रगती! आवश्यक त्या सगळ्या मैत्रिणी एका बाकावर बसल्या. एकमेकींशी बोलतातही. आता लॅपटॉप म्हणतो: "कोंगले मिळालं नाही. थांबतो."

कोंगले म्हणजे त्या झाडाची लाकडी बोंडं. रानात खाली खच पडलेला असतो. पानावर मात्र या शब्दाचा पत्ता नाही.

रविवार, ६ एप्रिल

रानात फिरायला गेले. एक चांगलं टपोरं कोंगले उचलून आणलं, लॅपटॉपवर ठेवलं. म्हटलं, हे घे.

"कोंगले मिळालं नाही. थांबतो."

सोमवार, ७ एप्रिल

पैजेच्या बाहेरची एक गोष्ट केली. ऑफिसमधला माझा संगणक साफ केला आणि त्यावर तीच सूचना, त्याच ओळी, तोच क्रम. किटलीत पाणी उकळेपर्यंत ग्रान तयार! स्क्रीनवर जंगल! मी तिथेच दोन वेळा टाळ्या वाजवल्या.

एस्किल मागून आला. "झालं ना? मग घरी काय अडतंय तुझं?"

"विचारायचं नाही असं ठरलंय."

"मी विचारतोय, तू नाही."

"मग सांगायचंही नाही असं ठरलंय."

घरी आले. तीच सूचना, त्याच ओळी. कोंगले मिळालं नाही. म्हणजे दोष घराचा. किंवा माझ्या हातांचा — दारातून आत आले की त्यांची अक्कल जाते.

बुधवार, ९ एप्रिल

थांबतो.

शुक्रवार, ११ एप्रिल

हरले. सकाळीच कबूल केलं. तोर्लाइव्ह समजूतदारपणे हसला — हे हसणं म्हणजे एप्रनपेक्षा मोठी शिक्षा. "प्रत्येकाचं क्षेत्र वेगळं असतं, ओशिल्ड."

मजला मोठा, तोंडं पुष्कळ, ईस्टरला निघायची सगळ्यांना घाई. म्हणून घरचाही वॅफलचा साचा घेऊन गेले होते. एक साचा नेहमीच्या सॉकेटला. दुसऱ्याला जागाच नाही. टेबलाखाली वाकले, राखाडी पेटीचा प्लग उपसला, तिथे माझा साचा लावला. मेलेल्या संगणकाला वीज कशाला?

पहिली वॅफल निघाली. दुसरी निघाली. आणि झाड लाल!

"कोण?" — तोर्लाइव्ह, तोंडाला जॅम.

"मी नाही," रूना म्हणाली. "मी दोन दिवस कोडला हात लावला नाहीये."

"दोन दिवस हात लावला नाहीस? मग प्रबंध कोण लिहितंय, तुझी मांजर?" — एस्किल.

"तूच केलं असशील! तू नेहमी निघता निघता काहीतरी घुसडतोस!"

"मी? मी इथे उभा आहे, माझ्या दोन्ही हातांत वॅफल आहे, देवाशप्पथ!"

तिघेही आपापल्या खोल्यांत धावले. मी एकटी वॅफल उलटत राहिले. काय बिघडलं ते कोणालाच सापडेना. बाहेर दारं आपटत होती. पीठ संपलं, मी माझा साचा काढला, पेटीचा प्लग होता तिथे परत खोचला, भांडी घासायला घेतली. पुसून होईपर्यंत झाड हिरवं.

"झालं ठीक," एस्किल येऊन म्हणाला, घाम पुसत. "काय केलं ते कळलं नाही, पण केलं."

सोमवार, १४ एप्रिल

आज ऑफिसात मी आणि तोर्लाइव्ह दोघंच. बाकी सगळा नॉर्वे ईस्टरच्या रिवाजाने डोंगरातल्या झोपड्यांत, संत्री सोलत.

लोण्याचा विचार डोक्यातून जात नव्हता. मेलेल्या पेटीवर लोणी मऊ कसं होतं?

खाली वाकून प्लग काढला. बसून राहिले. झाड लाल. कॉरिडॉरमध्ये तोर्लाइव्हची खुर्ची सरकल्याचा आवाज, मग पावलं, मग एक शिवी — त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकली. प्लग घातला. झाड हिरवं. पावलं परत गेली.

पुन्हा काढला. (काढायला नको होता. पण काढला.) पुन्हा शिवी, आधीपेक्षा लांब. पुन्हा घातला. मी टेबलाखाली तोंडावर हात धरून हसत होते, या वयात, गुडघ्यांवर!

मग हसता हसता थांबले. कारण कळलं.

कोंगले या पेटीत आहे. फक्त या पेटीतच आहे. इमारतीत बसून कोणी ग्रान इन्स्टॉल केलं की ते गुपचूप इथून कोंगले उचलून आणतं, काम झालं. इथल्या प्रत्येकाचा लॅपटॉप इथेच तयार होतो, मग तो कुठेही घेऊन जा, चालतो. म्हणून यांना कधी कळलंच नाही. बाहेरच्या माणसाला मात्र या पेटीपर्यंत वाटच नाही. माझ्या घरून नाही, उप्सालाहून नाही, कुठूनच नाही.

नऊ वर्षांत एक तक्रार नाही. बरोबर. नऊ वर्षांत इमारतीबाहेरच्या कोणाकडे ग्रान चाललेलंच नाही!

आणि एक खोलीभर मेंदूचे तज्ज्ञ रोज त्या गरम पेटीवर लोणी ठेवत होते.

मंगळवार, १५ एप्रिल

कसं सांगायचं? माणसाला सांगायचं की तुझ्या मुलाला अख्ख्या जगात कोणी ओळखत नाही, आणि तू नऊ वर्षं समजत होतास की तो फार गुणी म्हणून कोणी तक्रार करत नाही.

न सांगावं तर पुढच्या आठवड्यात गुरुवारी गुनेल येईल, स्वतःचा लॅपटॉप उघडेल. तोही उप्सालात तयार झालेला असणार. सगळ्यांदेखत "थांबतो"!

दोन-तीन वाक्यं जुळवली. सगळी खोडली. बातमी सरळ करणं वेगळं आणि देणं वेगळं.

बुधवार, १६ एप्रिल

बोलावलं घरी वॅफल खायला. "पैज हरलीस ते पुरलं नाही?" म्हणाला. पण आला. त्याची गाडी भरलेली होती, स्की वर बांधलेल्या, इथूनच झोपडीवर जाणार होता.

टेबलावर माझा लॅपटॉप उघडून ठेवला. "फक्त एकदा तू करून दाखव. मला माझी चूक बघायचीय."

बाह्या सरसावून बसला. मी साचा तापवत ठेवला, पाठ त्याच्याकडे. बघवत नव्हतं.

"हं," तो म्हणाला.

मग, "तुझं नेटवर्क बरं नाही."

मग, "हा लॅपटॉप वर्तमानपत्रातला का? मग बरोबर आहे."

मग बराच वेळ नुसती बटणं. मग चष्मा काढून पुसल्याचा आवाज — तो आवाज होत नाही, पण मला आला.

"कोंगले मिळत नाहीये," तो म्हणाला. "असं कसं? कोंगले तर असतंच."

"कुठे असतं?"

तो पुन्हा पान वाचायला लागला.

मी सांगितलं. प्लग, झाड, सोमवारच्या त्याच्या दोन्ही शिव्या. वळून बघितलं तर तो माझ्या त्या रानातल्या बोंडाकडे बघत होता, ते अजून तिथेच पडलं होतं.

"ती पेटी मेलेली आहे, ओशिल्ड."

"मग लोणी कशाने मऊ होतं?"

तो हळूच म्हणाला, "पहिल्या हिवाळ्यात लिहिलं होतं कोंगले. फांद्यांची टोकं जुळवायला. तात्पुरतं तिथे ठेवलं होतं."

"तात्पुरतं!"

"आठवड्याभरासाठी."

वॅफल जळली. दुसरी घातली. तो म्हणाला, "पण मग लोक बोलले का नाहीत? एक तरी माणूस!"

"मी बोलले? इतके दिवस मला वाटत होतं मीच मूर्ख. आणि मी तर रोज तुझ्याबरोबर जेवते. अर्ध्या मेंदूचं वाक्य ऐकवलं होतंस मला, वर ते नेहमीप्रमाणे!"

त्याने चार वॅफल खाल्ली, जॅम न लावता. मग बाहेर गेला. मला वाटलं, गेला झोपडीवर. खिडकीतून पाहिलं तर गाडीवरच्या स्की सोडवत होता.

गुरुवार, १७ एप्रिल

ईस्टरच्या सुट्टीत काम करणारा नॉर्वेजियन माणूस! शेजारी खिडकीतून बघतायत. माझं स्वयंपाकघर आता प्रयोगशाळा आहे, कारण ते इमारतीच्या बाहेर आहे आणि तेवढीच त्याची पात्रता.

एस्किलला डोंगरावरून बोलावलं. नाक उन्हाने सोललेलं, खिशात संत्र्याची सालं. सगळं ऐकून तो जमिनीवर बसला आणि इतका हसला की मला भीती वाटली. मग एकदम थांबला. नोकरी आठवली असणार.

"म्हणजे शुक्रवारी मी काही दुरुस्त केलंच नव्हतं?"

"मी भांडी घासली, तू दुरुस्त केलंस."

शनिवार, १९ एप्रिल

तोर्लाइव्हने कोंगले पुन्हा नीट लिहून काढलं, एस्किलने ते ग्रानच्या पोटातच शिवलं. आता ते कोणाकडे मागायला जात नाही. सूचनांचं पान मी फाडून नवं लिहिलं. "नेहमीप्रमाणे" हा शब्द घराबाहेर काढला. तोर्लाइव्हने एकदा विरोध केला, "हे तर कोणालाही कळतं". मी म्हटलं, अर्धा मेंदू. हे शब्द आता मला पुष्कळ दिवस पुरतील.

सोमवार, २१ एप्रिल

सरावासाठी दारोदार फिरलो. नाताळात पोरं गाणी म्हणत फिरतात, तसे आम्ही तिघं! शेजारचा आर्नल्योत, निवृत्त पोस्टमन, दार उघडून म्हणाला, "काय विकताय?"

"मेंदू," एस्किल म्हणाला.

"बायकोला विचारतो, हवाय का."

त्याच्या लॅपटॉपवर पत्त्यांच्या खेळाशेजारी आता उंदराच्या मेंदूचा एक तुकडा आहे. पानात बघून त्याने स्वतः केला. कोणाला काही विचारलं नाही. तोर्लाइव्ह त्याच्या मागे उभा होता, चर्चमध्ये उभं राहतात तसा.

गुरुवार, २४ एप्रिल

गुनेल आली. उंच, शांत, स्वीडिश. तिने स्वतःची कॉफी आणली होती. हा अपमान आम्ही गिळला.

लॅपटॉप उघडला. पान वाचलं. रूना एप्रनचा बंद चावत होती. किटली उकळली. गुनेलच्या स्क्रीनवर जंगल उभं राहिलं.

ती म्हणाली, "एक सांगू? सात वर्षांपूर्वी मी हे करून पाहिलं होतं. पूर्ण आठवडा घालवला. झालं नाही. मला वाटलं, मलाच येत नाही."

"मग लिहिलं का नाहीस!" तोर्लाइव्ह जवळजवळ ओरडलाच.

"काय लिहू? बाकी कोणाचीच तक्रार नव्हती. म्हटलं, सगळ्यांना जमतं, नॉर्वेजियन लोकांनाही जमतं, आणि मला नाही — हे कोण लिहून देणार?"

एस्किल खिडकीकडे वळला. त्याचे खांदे हलत होते.

पण निकाल दिला नाही तिने. "माझ्या पोरांना देते. वापरलं तर कुरकूर करतील. मे अखेरपर्यंत एक जरी कुरकूर आली तरी उन्हाळी शाळेत ग्रान. ज्याबद्दल कोणी कुरकुरत नाही असं सॉफ्टवेअर मी आता घेणार नाही. शिकले मी."

शुक्रवार, २ मे

तक्रार नाही.

राखाडी पेटी बंद केली. तोर्लाइव्हने स्वतः प्लग काढला, तिच्यावरून एकदा हात फिरवला. झाड हिरवंच राहिलं.

लोणी आता दगडासारखं असतं.

गुरुवार, ८ मे

तक्रार नाही. तोर्लाइव्ह रोज सकाळी ओव्हरकोट न काढता आधी तक्रारींचं पान उघडतो. मग कोट काढतो. कोट काढायला हल्ली फार वेळ लागतो. त्याने खोलीतली पुस्तकं खोक्यांत भरायला घेतलीत.

एस्किल नोकऱ्यांच्या जाहिराती बघतो. मी मागून गेले की स्क्रीनवर घाईने जंगल आणतो.

सोमवार, १२ मे

एक वाईट काम केलं. मजा आली.

आइसलंडच्या हालगेर्डने तक्रार केली आहे. हालगेर्ड अक्युरेरीला असते, मेंढ्यांच्या मेंदूवर काम करते, स्वभावाने तापट. ती लिहिते: "तुमचं हे ग्रान इन्स्टॉल झालं की काहीच बोलत नाही. मी संध्याकाळभर त्याच्यासमोर बसून राहिले. झालं म्हणून एक शब्द सांगायला काय जातं? की हे कोणा नॉर्वेजियन पुरुषाने नेहमीप्रमाणे लिहिलंय?"

तक्रार मात्र खरी आहे. काम झाल्यावर ते खरंच बोलत नाही. अगदी तोर्लाइव्ह.

मंगळवार, १३ मे

कोटासकट उभ्याने वाचलं त्याने. मग मोठ्याने वाचलं. मग रूनाला बोलावून पुन्हा वाचलं. "तापट बाई आहे," म्हणाला, कौतुकाने. "आणि बरोबर आहे तिचं!"

एस्किलने माझ्या टेबलाशी येऊन नुसतं म्हटलं, "हालगेर्डचे स्वल्पविराम फार सुरेख आहेत."

"आइसलंडमध्ये शाळा चांगल्या आहेत."

"हं." आणि गेला. दुपारपर्यंत त्याने ग्रानला बोलायला शिकवलं. आता ते शेवटी म्हणतं: "झालं."

बुधवार, १४ मे

मेले! तोर्लाइव्ह म्हणाला, शुक्रवारी हे गुनेलला पाठवतो.

"सांग त्याला," एस्किल म्हणाला.

"तू सांग. नोकरी तुझी आहे."

"म्हणूनच नको. खोटी तक्रार दाखवून टिकलेली नोकरी मला नको. आणि हालगेर्ड तू आहेस, मी नाही."

शुक्रवार, १६ मे

उद्या राष्ट्रीय दिन, सगळीकडे झेंडे. आणि कॉफीच्या खोलीत — स्ट्रॉबेरीचा एप्रन घातलेला तोर्लाइव्ह! स्वतःहून! पीठ घोटतोय, पांढरं नाक, कपाळावर अंड्याचा थेंब. "माझ्या कोडबद्दल तक्रार आली म्हणजे वॅफल माझी," तो म्हणाला. नियम तो नियम.

असा माणूस समोर असताना खरं बोलायचं! मी दार लावून घेतलं. "तोर्लाइव्ह, हालगेर्ड मी आहे."

त्याने वॅफल उलटली. नीट गोल फुललेली. "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"आइसलंडची बाई 'नेहमीप्रमाणे' या शब्दावर एवढी कशाला चिडेल? त्या शब्दावर जगात एकच बाई चिडते." जॅमची बाटली माझ्याकडे सरकवली. "गुनेलला काही पाठवलेलं नाही. पाठवणारही नव्हतो."

"मग हा एप्रन?"

"पैज मी हरलो होतो ना. एप्रिलमध्येच. फक्त घालायला निमित्त मिळत नव्हतं."

मी लोणी मागितलं. दगड.

गुरुवार, २२ मे

तक्रार नाही. शेल्फ रिकामं. भिंतीवर पुस्तकांच्या मापाचे फिके चौकोन. एस्किलला ओस्लोत मुलाखतीला बोलावलंय.

सोमवार, २६ मे

तक्रार नाही. कोट काढलाच नाही त्याने आज. कोट घालूनच काम केलं.

मंगळवार, २७ मे

तक्रार आली. उप्सालाहून. दोन पानभर, उद्धट, ठिकठिकाणी शिव्या, स्वल्पविराम एकही नाही. आधी एस्किलने माझ्याकडे बघितलं, मग रूनाने, मग तोर्लाइव्हने, कोटाच्या बाहीत एक हात तसाच अडकलेला.

मी नाही लिहिली!